आधी काच, मग वात

जुन्या गाडीचे हेडलाइट: कुठे उजळायचे, कुठे बदलायचे

१. प्रश्न बल्बचा आहे का?

"गाडी बारा वर्षांची झाली, हेडलाइट फार मंद पडलेत, बल्ब कोणता टाकू?" जुनी गाडी वापरणारा माणूस हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारतो, शेजाऱ्यालाही विचारतो, आणि उत्तर लगेच मिळतं: जास्त वॅटचा टाका, नाहीतर पांढराशुभ्र एलईडी लावून घ्या. प्रकाश कमी पडतो म्हणजे दिवाच कमजोर आहे, ही समजूत या प्रश्नात आधीच धरून चाललेली असते. घरोघरी कंदील होते तेव्हा ही चूक कुणी करत नव्हतं. उजेड मंदावला की आधी कंदिलाची काच उतरवायची, आतली काजळी राखेने किंवा फडक्याने पुसायची, आणि मगच वातीला हात लावायचा. काजळलेल्या काचेआड वात वर सारली तर धूर वाढतो आणि काच आणखी काळी होते. मोटारीच्या हेडलाइटलाही हाच क्रम लागू आहे. जुन्या गाडीत प्रकाश वाढवण्याच्या आधी वाया जाणारा प्रकाश थांबवावा. तो थांबला की बहुतेक गाड्यांना आणखी काही लागत नाही. हे म्हणणं आकड्यांनिशी पटतं का, ते या प्रकरणात पाहू.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय हौसेचा नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. दक्षिणेला मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे. बुलढाण्याहून खामगावला निघालं की बोथ्याचं जंगल, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. मलकापूरकडे उतरताना राजूर घाट आहे. कापसाच्या हंगामात मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, रब्बीत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला चादर पांघरून निघालेला शेतकरी, शेगावला पायी निघालेली माणसं, एकाएकी रस्त्यावर उडी घेणारा रोही (नीलगाय): यांच्यापाशी स्वतःचा उजेड नसतो. समोरून येणारा ट्रक त्याच्या दिव्यांमुळे दिसतो, पण ही मंडळी आपल्या हेडलाइटच्या उजेडात आली तरच दिसतात. म्हणून हेडलाइटची पारख करताना एकच कसोटी लावायची: बिनउजेडाचं माणूस किती अंतरावरून दिसतं?

२. म्हणायला काच, असतं प्लास्टिक

अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचे गोल हेडलाइट आठवा. त्यांचं तोंड खऱ्या काचेचं होतं. दगड लागला तर ते फुटायचं, पण वीस वर्षं उन्हात उभं राहिलं तरी पिवळं पडत नव्हतं. आजच्या गाड्यांच्या हेडलाइटला आपण सवयीने 'काच' म्हणत असलो तरी ते पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक असतं. १९५३ साली जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ते तयार केलं. काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं, हातोडीने ठोकलं तरी सहसा न फुटणारं आणि हवा तसा वळसा घेणारं असल्याने गाडीच्या तोंडावळ्यानुसार हेडलाइट घडवणं शक्य झालं. १९८३ साली अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बचे हेडलाइट चालवायला परवानगी दिली आणि पुढे जगभर काचेची जागा या प्लास्टिकने घेतली.

या गुणी पदार्थाचे दोन दोष आहेत. एक म्हणजे त्यावर ओरखडे चटकन पडतात, आणि दुसरा म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर हळूहळू बिघडून पिवळा होतो. हे कारखान्यालाही माहीत असतं, म्हणून आवरणावर बाहेरून एक पातळ, कठीण, अतिनील किरण रोखणारा थर चढवलेला असतो. नव्या गाडीचा हेडलाइट चकाकतो तो या थरामुळे. काही वर्षांत ऊन, धूळ आणि कोरडं फडकं मिळून हा थर झिजवतात. जागोजागी त्याचे पापुद्रे सुटतात आणि उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळट, दुधी होऊ लागतं.

बुलढाणा शहर साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांच्या उत्तरार्धात एकेकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आधुनिक हेडलाइट बॉनेटकडे मागे झुकलेले असतात, म्हणजे त्यांचा वरचा भाग आभाळाकडे तोंड करून असतो. पिवळेपणा तिथूनच सुरू होतो. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल, तर दोन हेडलाइटपैकी उन्हाच्या बाजूचा आधी म्हातारा होतो. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ बसते, आणि सकाळी निघताना ती कोरड्या फडक्यानेच झटकली जाते. तो प्रत्येक फटका म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरचा एक हात असतो.

दोष बाहेरच्या बाजूला आहे की आत, हे ओळखायला पेलाभर पाणी पुरतं. दुधी पडलेल्या हेडलाइटवर पाणी ओता. पाण्याचा पडदा असेपर्यंत आवरण अचानक स्वच्छ दिसलं, आणि पाणी निथळून सुकताच पुन्हा धुरकट झालं, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा आहे. असं होतं कारण पृष्ठभागावर असंख्य बारीक खड्डे पडलेले असतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून सैरावैरा फाकतो. पाणी ते खड्डे भरून काढतं, तेवढ्यापुरता पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश सरळ जातो. बाथरूमच्या खिडकीची दुधी काच खरखरीत बाजूने ओली केली की पलीकडचं दिसू लागतं, ते याच कारणाने. पाणी ओतूनही फरक पडला नाही, तर दोष आत आहे आणि बाहेरून घासून उपयोग नाही.

३. प्रकाश पावपट, अंतर निम्मं

धुरकट आवरणाने नेमकं किती नुकसान होतं? अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संस्थेने २०१८ साली मोजमाप केलं. सुमारे अकरा वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या खराब झालेल्या हेडलाइटमधून डिप्परवर नव्याच्या तुलनेत फक्त २२ टक्के प्रकाश बाहेर पडत होता. तेच आवरण घासून उजळल्यावर प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. कंपनीचा नवा हेडलाइट बसवल्यावर अर्थातच पूर्ण १०० टक्के मिळाले.

टक्क्यांवरून मीटरवर यायला एक साधा नियम समजून घ्यावा लागतो. प्रकाश पुढे जाताना पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून तिथल्या वस्तूवर पावपटच उजेड पडतो. उलट बाजूने पाहिलं तर प्रकाश पावपट झाला की दिसण्याचं अंतर निम्मं होतं; प्रकाश दुप्पट केला तरी अंतर दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होतं.

आता हिशेब मांडू. धरून चाला की नव्या हेडलाइटच्या डिप्परमध्ये गडद कपड्यांतला माणूस ६० मीटरवरून दिसतो. हेडलाइट धुरकट होऊन प्रकाश २२ टक्क्यांवर आला की तो माणूस २८ मीटरवर आल्यावर दिसेल. या धुरकट आवरणाआड दुप्पट प्रकाशाचा बल्ब टाकला, आणि त्याचा सगळा फायदा मिळाला असं मानलं, तरी अंतर ४० मीटरपर्यंतच जातं. बल्ब जुनाच ठेवून आवरण उजळलं आणि प्रकाश ७० टक्क्यांवर आला, तर अंतर ५० मीटर होतं.

दुसऱ्या बाजूला गाडी थांबायला लागणारं अंतर ठेवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला १६.७ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपतात. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर. एकूण ४५ मीटर. म्हणजे धुरकट हेडलाइट २८ मीटर दाखवतो, धुरकट अधिक जबर बल्ब ४० मीटर, उजळलेला हेडलाइट ५० मीटर, आणि गाडीला हवेत ४५. चादर पांघरलेला तो शेतकरी पहिल्या दोन गाड्यांना वेळेत दिसत नाही. तिसऱ्या गाडीला दिसतो, आणि तिच्यात नवा बल्ब नाही. डोळ्याची क्षमता, कपड्यांचा रंग, रस्त्याचा ओलेपणा यांनी आकडे पुढेमागे होतील. पण क्रम बदलत नाही.

धुरकट आवरणाआड बल्ब वाढवण्यात आणखी एक तोटा आहे. आवरणाने अडवलेला प्रकाश नाहीसा होत नाही. त्यातला बराच भाग वर आणि बाजूला फाकतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बल्ब दुप्पट केला की हे फाकणंही दुप्पट होतं. वात वर सारून काजळी वाढते, तसलाच हा प्रकार.

४. घासायचं कसं, थांबायचं कुठे

हेडलाइट उजळणं म्हणजे खड्डे पडलेला वरचा थर एकसारखा घासून काढणं, उरलेला पृष्ठभाग गुळगुळीत करणं, आणि त्यावर नवं संरक्षण चढवणं. तीनही पायऱ्या सारख्याच महत्त्वाच्या आहेत. बहुतेक ठिकाणी तिसरी गाळली जाते.

आधी हेडलाइट साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा, कारण धुळीचा एक कण पॉलिश पेपरखाली आला तरी खोल ओरखडा उमटतो. भोवतालच्या रंगाला इजा होऊ नये म्हणून कडेने चिकटपट्टी लावावी. मग पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन एकाच दिशेत, आडवं, हलक्या हाताने घासावं. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. घासताना निथळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा: सुरुवातीला ते पिवळट, चिकट येतं, ते जुन्या थराचं असतं. पाणी दुधासारखं पांढरं येऊ लागलं की बिघडलेला थर निघाला आणि खालचं चांगलं प्लास्टिक लागलं, असं समजायचं. इथे थांबून १००० नंबरचा पेपर घ्यावा आणि या वेळी उभं घासावं, म्हणजे आधीच्या आडव्या रेघा मिटल्या की नाही हे दिसतं. मग पुन्हा आडवं २००० ने, आणि शेवटी उभं ३००० ने. या टप्प्यावर हेडलाइट सगळा सारखा दुधी दिसतो आणि काम बिघडलं की काय अशी शंका येते. ते बिघडलेलं नसतं. उरल्या आहेत त्या अतिशय बारीक रेघा. गाडीच्या रंगासाठी वापरतात ते रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन गोल फिरवलं की त्या जातात आणि आवरण आरपार दिसू लागतं.

तिसरी पायरी संरक्षणाची. घासताना कारखान्याचा थरही गेलेला असतो. आता प्लास्टिक उन्हापुढे उघडं आहे, आणि ते तसंच सोडलं तर काही महिन्यांत आधीपेक्षा वेगाने पिवळं पडतं. "हेडलाइट घासून घेतला, पण टिकला नाही" ही तक्रार बहुतेकदा इथून येते. म्हणून पृष्ठभाग तेलकटपणा उरणार नाही असा पुसून त्यावर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप द्यावा. डेंटिंग-पेंटिंगवाले दोन घटक मिसळून फवारतात तो क्लिअर कोट चांगला टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते काम योग्य मास्क वापरणाऱ्या कारागिराकडेच द्यावं. ते जमलं नाही तर गाडीचं मेण दर दीड-दोन महिन्यांनी लावत राहणं, हा कमी टिकाऊ पण काही न करण्यापेक्षा बरा उपाय आहे.

"टूथपेस्टने एवढंच काम होतं, मग एवढा खटाटोप कशाला?" असं विचारलं जातं. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, त्यामुळे हलका धुरकटपणा तिने खरोखर जातो. पण ती झिजलेला थर पूर्ण काढत नाही आणि संरक्षण तर देतच नाही, म्हणून परिणाम थोड्याच दिवसांचा राहतो. डास पळवणारा फवारा मारून पुसणं किंवा द्रावणाची वाफ देणं हे प्रकार याहून वाईट. ही रसायनं प्लास्टिकचा वरचा थर मऊ करून वितळवतात. खड्डे बुजतात, काच क्षणात लख्ख दिसते, आणि पुढे त्याच पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटू शकतात. पेट्रोल आणि थिनरही या प्लास्टिकचे वैरीच आहेत.

५. विहिरीपासून वावरापर्यंतची पाइप

काच स्वच्छ झाली. आता बल्बपर्यंत वीज पुरेशी पोहोचते का, ते पाहायचं. विहिरीवरची मोटर चांगली आहे, विहिरीला पाणीही आहे. पण वावरापर्यंत गेलेली पाइप बारीक, जुनी आणि जागोजागी चिमटलेली असेल, तर टोकाला धार बारीकच येणार. जुन्या गाडीत बॅटरी म्हणजे विहीर आणि बल्ब म्हणजे वावर. मधे लांब वायर, स्टिअरिंगजवळचं बटण, गंजलेली जोडणी आणि बॉडीला घट्ट न बसलेलं अर्थिंग असतं. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर वीज ओढतात. वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तरी ०.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात.

०.९ व्होल्ट किरकोळ वाटतात, पण हॅलोजन बल्बचा स्वभाव वेगळा आहे. त्याचा प्रकाश तापलेल्या तारेतून येतो, आणि तार थोडी कमी तापली तरी प्रकाश फार कमी होतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की प्रकाश सुमारे ३० टक्के उतरतो. जुन्या गाडीचे दिवे तांबूस दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. तपासणी सोपी आहे: इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजायचं. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर बल्ब बदलण्याआधी वाट दुरुस्त करावी. होल्डरची टोकं साफ करणं आणि अर्थिंगचा बोल्ट काढून, घासून पुन्हा आवळणं एवढ्यानेच बराच फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन रिले बसवून देतो. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं बटण. स्टिअरिंगजवळच्या बटणाने फक्त हुकूम द्यायचा; बल्बची खरी वीज बॅटरीपासून जाड, आखूड वायरने, फ्यूजमधून थेट जाते. शॉर्ट सर्किट झालं तर वायर पेटू नये म्हणून फ्यूज बॅटरीजवळच हवा.

वाट ठीक झाल्यावर जुना बल्ब काळवंडलेला असेल तर जोडीने बदलावा, आणि मूळ वॅटचाच घ्यावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो एच-४ जातीचा, ६०/५५ वॅटचा असतो. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तिथे तापून चिकटतो आणि बल्ब लवकर जातो. निळसर रंगाचे हॅलोजन बल्ब टाळावेत, कारण ती निळी झिलई काही प्रकाश गिळूनच पांढरा रंग देते. आणि १००/९० वॅटचा बल्ब? तो सुमारे दीडपट वीज ओढतो. त्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि आतला आरसा करपतो. शिवाय बारीक पाइपमधून जास्त पाणी ढकलायला गेलं की नासाडीही वाढते.

६. एलईडी लावला तर काय बिघडतं?

सगळ्यांत ठाम आक्षेप इथे येतो: "नव्या गाड्यांना कंपनीच एलईडी देते. मग जुन्या गाडीत एलईडी बल्ब का नको?" याचं उत्तर छपरावरच्या डिश अँटेनात आहे. डिशच्या पुढे दांडीवर छोटा डबा असतो, तो ठरलेल्या बिंदूवरच असावा लागतो. वाऱ्याने दांडी थोडी वाकली की चित्र जातं, मग डिश कितीही मोठी असो. हेडलाइटचा आरसाही तसाच एका बिंदूसाठी घडवलेला असतो. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. अप्परची तार आरशाच्या केंद्रबिंदूवर असते. डिप्परची तार मुद्दाम थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा वरचाच भाग उजळतो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. समोरच्याचे डोळे त्या वाटीमुळे वाचतात.

एलईडी बल्बमध्ये तार नसते, दोन बाजूंना चपट्या चिप असतात. त्या तारेच्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर जरी सरकलेल्या असल्या, तरी आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. चालकाला मात्र समाधान वाटतं, कारण गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता पांढराफटक उजळतो. जवळचं लख्ख दिसायला लागलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचं अंधारात जातं. उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण दिसण्याचं अंतर कमी होऊ शकतं. नव्या गाड्यांत असं होत नाही, कारण तिथे आरसा किंवा भिंगच एलईडीसाठी घडवलेलं असतं. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्ब जुन्या हेडलाइटमध्ये चालवायला परवानगी मिळाली आहे, पण ती ठरावीक बल्ब आणि ठरावीक गाडी अशी जोडी तपासूनच. बल्ब चांगला असणं पुरत नाही, तो त्या आरशाशी जुळावा लागतो, हेच त्यातून दिसतं.

कायद्याची भूमिकाही याच विचाराची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका कायम खाली झुकलेला असावा, किंवा चालकाला तो तसा खाली झुकवता यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. "पण समोरचे सगळे डोळ्यांत मारतात, मग मी एकट्यानेच का सोसायचं?" हा आक्षेप रागातून आलेला असला तरी खोटा नाही. फक्त त्याचा शेवट पाहा. मी त्याला आंधळा करतो, तो मला. डोळे दिपल्यावर नीट दिसायला तीन सेकंद लागले, तर ६० च्या वेगाने ५० मीटर अंतर दोघेही न बघता कापतात. त्या ५० मीटरमध्ये कडेने चालणाऱ्या माणसाचा या भांडणाशी काही संबंध नसतो.

७. भिंतीवरची रेघ

काच स्वच्छ, वीज पुरेशी, बल्ब योग्य. आता झोत योग्य ठिकाणी पडतो का? हे काम बिनखर्चाचं आहे, आणि तरी सर्वांत जास्त दुर्लक्षित. टायरची हवा बरोबर करून गाडी सपाट जागी भिंतीसमोर बरोबर १० मीटरवर उभी करा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. समजा ती ६५ सेंटिमीटर आहे. भिंतीवर ५५ सेंटिमीटर उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. डिप्पर लावल्यावर उजेड-अंधाराची कड या रेघेवर यायला हवी. १० मीटरला १० सेंटिमीटर उतार म्हणजे १०० ला १. या उताराने ६५ सेंटिमीटरवरून निघालेली कड सपाट रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. कड रेघेच्या बरीच खाली असेल तर स्वच्छ हेडलाइटचाही उजेड पायाशीच सांडतो, आणि वर असेल तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ही कड डाव्या बाजूला किंचित वर चढलेली असते, म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस लांबून दिसतो. हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने कड वरखाली करता येते.

डिकीत सोयाबीनची पोती आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसली की गाडीचं नाक उचलतं आणि झोतही वर जातो. त्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. एकटा चालक असेल तर ०, आणि वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा. भिंतीवरची तपासणी करताना ही चकती शून्यावर हवी.

८. नवा हेडलाइट कधी घ्यावा?

सगळं जुनंच घासत बसावं, असं मात्र नाही. पाण्याच्या कसोटीत दोष आत निघाला, आरशाची चंदेरी झिलई करपून तपकिरी झाली, आवरणाला तडा जाऊन आत पाणी साचत असेल, किंवा मागचे धरणारे कान तुटून हेडलाइट हलत असेल, तर बदलणं हाच उपाय. आतला आरसा फडक्याने पुसण्याचा मोह टाळावा. त्यावरचा ॲल्युमिनिअमचा थर इतका पातळ असतो की पुसताच निघून येतो. बदलताना कंपनीचा हेडलाइट महाग वाटतो आणि बाजारातला स्वस्त. 'ट्रिपल ए'च्या त्याच चाचणीत बाजारातल्या हेडलाइटने प्रकाश ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास परत दिला, पण झोताचा आकार आणि दिशा यांत ते कंपनीच्या हेडलाइटपेक्षा अधिक वेळा कमी पडले. घासलेल्या आवरणाला ७० टक्के मिळतात, हे लक्षात ठेवून खर्चाचा विचार करावा.

आणि एक मर्यादा मान्य करायला हवी. उत्तम हेडलाइटनेही वेगाची सीमा पुसली जात नाही. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने, वर केला त्याच हिशेबाने, थांबायला सुमारे १३० मीटर लागतात, आणि कोणत्याही डिप्परमध्ये गडद कपड्यांतला माणूस एवढ्या लांबून दिसत नाही. जिथवर दिसतं तिथवर थांबता येईल एवढाच वेग, हा नियम दिवा बदलून बदलत नाही.

९. नियमाने नेमून दिलेली जागा

१०६ व्या नियमात एक जागा मोजून दिलेली आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंच. तिथे असलेल्या डोळ्याला दिव्याने दिपवता कामा नये. दीड मीटर ही उंची पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची आहे. काच उजळली, वायर सुधारली, रेघ जुळवली, की काळोख पडल्यावर घरातल्या कुणाला तरी गाडीत बसवून डिप्पर लावायला सांगावं आणि स्वतः आठ मोठी पावलं पुढे जाऊन त्या जागेवर उभं राहावं. गाडीकडे पाठ केली की रस्ता कुठवर उजळला ते कळतं. वळून पाहिलं की डोळे दिपतात का ते कळतं. लांबवरचा रस्ता दिसत असेल आणि डोळेही मिटावे लागत नसतील, तर हेडलाइट दुरुस्त झाला. यातलं एकच साधलं असेल, तर अजून काम बाकी आहे.